मदर ओरालीची भांडी

या मित्रांनो, जरा जवळ सरका. माझ्यातल्या या फुलांकडे बघू नका, ती मला शोभत नाहीत. कान माझ्या काठाला लावा. एका बाईची गोष्ट सांगतो. ती सांगायची म्हणजे माझीही थोडी सांगावी लागेल, पण ऐकायची आहे ती तिचीच.

मी एक जुना बिडाचा हंडा आहे. पोट मोठं, पाय तीन, काठाला धरायला दोन कड्या. अलाबामातल्या एका भट्टीत लाल लोखंडाचा रस साच्यात ओतला आणि मी झालो. पहिल्या घरी माझ्यात कपडे उकळत. थंडीत डुक्कर कापलं की त्याची चरबी माझ्यातच कढे. पुढे त्या घरात कपडे धुण्याचं यंत्र आलं आणि मी कोठारात पडून गंजू लागलो. तेव्हा त्या घरची लेक ओराली हिने मला बाहेर काढलं, वाळूने घासलं, चरबी चोळून चोळून काळा कुळकुळीत केलं आणि स्वीटगम गावातल्या आमच्या चर्चला देऊन टाकलं. पोरगी लहान होती, पण बजावून गेली होती, "याला साबण लावाल तर माझ्याशी गाठ आहे."

चर्चच्या मागच्या अंगणात, अक्रोडासारखी फळं देणाऱ्या पिकॅनच्या झाडाखाली माझी जागा होती. तिथून खिडकी जवळ. मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं खरं सुख ते. रेव्हरंड गुडलो प्रवचन बोलण्यात सुरू करीत, बोलता बोलता शब्दांना हेलकावा येई, आणि मग प्रवचन कधी गाण्यात शिरलं हे कोणाला कळतही नसे. ते गात, "त्याच्या पंगतीत माझं ताट मांडलंय." सगळे उत्तर देत, "मांडलंय, प्रभू, मांडलंय." खाली जाळ आणि खिडकीतून तो सूर, अशा दोन उबांमध्ये मी शिजवत असे. रस्सा, बीन्स, भात, कॉलर्डचा पाला. लग्न असो, मयत असो, गावजेवण असो, माझ्यावाचून काही झालं नाही.

ओराली वाढली, शाळेच्या स्वयंपाकघरात लागली, गावातल्या दोन पिढ्यांना तिने दुपारचं वाढलं. केस पांढरे झाले तसा चर्चने तिला मदर म्हणायला सुरुवात केली. मला ढवळायचं लाकडी वल्हं तिच्याखेरीज कोणाच्या हाती नसे. जाळ घालायला चर्चचा सेवक, डीकन क्लिओफस. दोघांचं भांडण रोजचं.

"क्लिओफस, जाळ घालतोयस की हंड्याला गुदगुल्या करतोयस?"

"मदर, लाकूड ओलं आहे."

"लाकूड ओलं, गुडघा आखडलेला, डोळा आलेला. तुझं कोरडं आणि धड काय आहे ते एकदा सांग."

आमच्याकडची एक रीत सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. शेजारी कोणी ताटली किंवा वाडगा भरून पाठवला, तर तो परत देताना रिकामा देत नाहीत. काहीतरी घालून द्यायचं. चार अंडी, मूठभर पिकॅन, काहीच नसेल तर परसातली मिरची. भांडं कोणाचं ते विसरू नये म्हणून त्याच्या बुडाला कागदी पट्टी चिकटवून नाव लिहितात. ओरालीची काचेची भांडी गावभर हिंडायची आणि भरून परत यायची.

मग ते साल आलं. तिकडे वॉशिंग्टनला दोन पक्षांचं वाजलं आणि सरकारलाच कुलूप लागलं. सरकारी नोकरांचे पगार थांबले. गरिबांच्या हातात धान्यासाठी जे कार्ड असतं, त्यात महिन्याची रक्कम पडते, ती पडेना. दुकानात भरलेली ढकलगाडी गल्ल्याशी आणून लोक तशीच सोडून जाऊ लागले. एक पक्ष म्हणे, यांनी उपाशी ठेवलं. दुसरा म्हणे, त्यांनी ठेवलं. कोर्टात गेले, वर गेले, खाली आले. टीव्हीवर मात्र सगळ्यांचे गाल भरलेले.

रविवारी मदर ओराली चर्चमध्ये उभी राहिली आणि म्हणाली, उद्यापासून हंडा रोज चढेल. ज्याच्याकडे जे असेल ते त्याने आणावं, ज्याच्याकडे नसेल त्याने ताटली आणावी.

रांग दारापासून रस्त्यापर्यंत जाई. गोरे, काळे, गणवेशातले, पोरं कडेवर घेतलेले. ढवळणाऱ्याने शेवटी जेवायचं हा आमचा दंडक. सगळ्यांना वाढून झालं की ओराली मला खरवडून शेवटचं आपल्या काचेच्या वाडग्यात घेई, वर झाकण लावी आणि घराकडे निघे. सगळ्यांना वाटे, मदर घरी शांतपणे जेवते. म्हातारं माणूस, चार लोकांत जेवायला संकोचत असेल.

मित्रांनो, मी एकटाच बघत होतो ती कुठे वळायची.

चर्चच्या कुंपणापलीकडे वेंडेल स्ट्राउडचं घर. गोरा माणूस, केंद्र सरकारच्या तुरुंगावर पहारेकरी. सरकारला कुलूप लागलं तरी त्याला कामावर जावं लागे, पगार मात्र नाही. त्याच्या अंगणात आमच्या खासदाराच्या नावाची पाटी, हॉलिस ब्रँट. कार्डावर खाणारे आळशी असतात, असं वेंडेल पेट्रोलपंपावर मोठ्याने बोलायचा. ओरालीच्या पर्समध्येही तेच कार्ड होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. फार कोणाला ठाऊक नव्हतं. तो रांगेत कधी आला नाही. मानी होता. पण शाळेत तो तिच्याच हातचं खाऊन मोठा झालेला. उपाशी पोराची चाल तिला लांबून कळे, आणि पन्नाशीचं पोरही चालतं तसंच.

कुंपणावरून ती वाडगा पुढे करी. "वेंडेल, उरलंय. टाकवत नाही रे माझ्याच्याने. खाऊन टाक."

"मिस ओराली, मला भूक नाही."

"भुकेचं कोण विचारतंय? उरलंय म्हणते ना."

तो घेई. भांडं परत देतो म्हणे. ती म्हणे, घाई नाही, माझ्याकडे भरपूर आहेत. आणि दुसऱ्या दिवशी दुसरा वाडगा.

तिला मधुमेह होता. सुई टोचून घ्यायची आणि वेळेवर खायचं, नाहीतर साखर एकदम उतरेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. सुई ती चुकवत नसे. पूर्वी वल्ह्याच्या टोकावरचं बोटाने चाखून ती मीठ बघे, पुन्हा बघे, क्लिओफसला चिडवत तिसऱ्यांदा बघे. आता चाखणंही बंद. मीठ अंदाजाने. म्हणे, "इतकी वर्षं घालतेय, हाताला कळतं." मला वेगळंच कळत होतं. वल्हं माझ्या काठावर आपटायचं. पण मी काय बोलणार? बिडाला पोट दिलंय देवाने, जीभ नाही.

एके दिवशी खासदार ब्रँट स्वतः आले. सोबत फोटोवाला. एप्रन मागून घेतला, घातला, आणि वल्हं धरून वरवर फिरवू लागले. ओराली शेजारीच उभी होती.

"साहेब, ढवळायचंच असेल तर तळापासून ढवळा. तुम्ही वरवर हलवताय, तळाचं करपतंय."

ते हसले. म्हणाले, "मदर, तुम्ही निवडणुकीला उभ्या राहा."

"सकाळपासून उभीच आहे मी. तुम्ही तेवढं ते कुलूप काढा."

फोटो झाला. एप्रन घडी न करता खुर्चीवर टाकून ते गेले. तळाचं खरंच करपलं होतं. तिने ते स्वतः घासून काढलं, बसून, दोनदा थांबून.

नंतरच्या एका सकाळी जाळ पेटला, लाकडं वाळलेली होती, आणि टोमणा मारायला कोणी आलं नाही. क्लिओफस तिच्या घरी गेला. ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीत होती. रक्तातली साखर एकदम उतरली, असं डॉक्टर म्हणाले. मधुमेहाच्या म्हाताऱ्या माणसांचं होतं असं. शीतकपाटात सुईचं औषध होतं. फळीवर नुसतं मीठ होतं. भांड्यांचा कप्पा रिकामा होता, पण त्याचा अर्थ तेव्हा कोणाला लागला नाही.

मयताचं जेवण माझ्यातच शिजलं. रेव्हरंड गायले. "त्याच्या पंगतीत तिचं ताट मांडलंय." लोक रडत उत्तर देत होते, मांडलंय, प्रभू. जन्मभर ज्या सुरावर मी जगलो, तो त्या दिवशी मला ऐकवेना.

ब्रँटही आले. अंगणात उभे राहून बोलले, वाईट दिवसांतही आपल्या भागात एकही माणूस उपाशी राहिला नाही, ते मदर ओरालीसारख्या माणसांमुळे.

तेवढ्यात फाटकातून वेंडेल आला. हातात लाकडी खोकं. आत काच किणकिणत होती. त्याने ते टेबलावर ठेवलं आणि एकेक वाडगा बाहेर काढून मांडू लागला. स्वच्छ धुतलेले, सगळे रिकामे. क्लिओफसने एक उचलून उलटा केला. बुडाला पट्टी, पट्टीवर तिचं नाव. दुसरा उलटा केला. तेच.

"तिची आहेत," वेंडेल म्हणाला. "रिकामं परत कसं द्यायचं, म्हणून ठेवली होती. पगार झाला की काहीतरी घालून देणार होतो."

"तुला काय म्हणायची ती?"

"उरलंय म्हणायची."

क्लिओफसने वाडगा हळूच खाली ठेवला. "उरत नव्हतं, बाबा. आम्हाला वाटायचं, ते तिचं जेवण आहे."

वेंडेलने टोपी काढली आणि परत घालायचं विसरला. ब्रँटनी भांड्यांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि निघता निघता रताळ्याच्या गोड पक्वान्नाचा एक तुकडा घेतला. फोटोवाल्याने तो फोटो काढला नाही.

पुढे कुलूप निघालं. दोन्ही पक्षांनी आपण जिंकल्याचं सांगितलं. कार्डांत पैसे पडले. ओरालीच्याही कार्डात पडले, बंद पर्समध्ये. वेंडेलचा थकलेला पगार झाला. त्याने तिचा एक वाडगा क्लिओफसकडून मागून नेला, तळलेली कोंबडी आणि मक्याचा पाव घालून झाकून आणला, आणि कुंपणापाशी येऊन उभा राहिला. तो कोणाच्या हातात द्यायचा हे त्याला कळेना. शेवटी माझ्या पोटात ठेवून गेला. तो भरला वाडगा किती जड होता, ते मला विचारा.

निवडणुकीत ब्रँटच आले. त्यांच्या पत्रकावर एप्रन घातलेले ते होते आणि मी होतो. ती शेजारी उभी होती, पण फोटो तिच्या खांद्याशी कापलेला. मग कोणाच्या तरी मनात आलं की या ऐतिहासिक हंड्याचा सन्मान व्हावा. मला रस्त्याकडेला, चर्चच्या पाटीखाली आणलं. पाणी साचू नये म्हणून बुडाला भोक पाडलं, माती भरली, ही जांभळी फुलं लावली. समोर पितळी पट्टी ठोकली. तिच्यावर नाव खासदारांचं आहे. क्लिओफस भांडला, पण एकट्या म्हाताऱ्याचं कोण ऐकतो?

आता माझ्यात काही शिजणार नाही, मित्रांनो. पुन्हा कुलूप लागलं तर मी नुसता फुलं दाखवीन. खिडकीही इथून लांब पडते, प्रवचनाचा सूर वारा असला तरच पोचतो.

तुम्ही कधी पंगतीत बसाल, तेव्हा एक करा. वाढणाऱ्या बाईचा हात धरा आणि विचारा, "तू जेवलीस का?" हो म्हणाली, तरी तिच्यासमोर ताट ठेवा आणि ती पहिला घास घेईपर्यंत तिथून हलू नका. आणि तो घास ती घेईल तेव्हा स्वीटगमच्या मदर ओरालीची आठवण काढा. पितळी पट्टीवर तिचं नाव नाही. ते कागदी पट्टीवर आहे, भांड्यांच्या बुडाला, आणि कागद फार दिवस टिकत नाही.