जुना रेडिओ तसाच ठेवून

ऐक, आधी पूर्ण ऐकून घे. मध्ये बोललास की माझी लिंक तुटते, आणि मग मी स्टिरिओवाल्या काकांचं सोडून भलतंच काहीतरी सांगत बसेन.

तर काका डॅशबोर्डखाली. म्हणजे डोकं गाडीत, पाय बाहेर, टॉर्च दातात, आणि पाठीखाली ते नेहमीचं फाटकं पायपुसणं. गाडी ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईंची. छपरावर शिकाऊ गाडीची पाटी, मागचा बंपर जागोजागी चेपलेला. बाई स्टिअरिंगवर बसलेल्या, इंजिन चालू, आणि मिनिटामिनिटाला ॲक्सिलरेटर दाबतायत.

"काका, अजून येतेय."

"अं?"

"शिट्टी! शिट्टी येतेय अजून!"

"हां हां, तीच बघतोय," काका टॉर्च दातातून काढून म्हणाले.

बघत होते खरं, पण काय बघायचं तेच त्यांना कळत नव्हतं. कारण त्यांच्या मते गाडीत शिट्टीबिट्टी काही नव्हतीच. इंजिनाची घरघर होती, शेजारी टायरवाल्याचा कंप्रेसर धडधडत होता, रस्त्यावरचे हॉर्न होते. शिट्टी? कुठली शिट्टी? या बाईंना ना सवयच लागलीय चुका काढायची, असं चाललं होतं त्यांच्या डोक्यात. दिवसभर दुसऱ्यांना ओरडायचं काम, दुसरं काय होणार.

आता मुळात झालं काय होतं, तर दोन दिवसांपूर्वी बाई आल्या आणि म्हणाल्या, नवा स्टिरिओ बसवायचाय, पण जुन्या रेडिओला हात लावायचा नाही.

"अहो बाई, लोक जुना काढून फेकून देतात," काका म्हणाले.

"देऊ देत फेकून. माझी पोरं पहिल्यांदा गाडीत बसतात ना, तेव्हा त्यांचे पाय लटलटत असतात. त्या जुन्या रेडिओवर हळू आवाजात कोणीतरी बडबडत असलं की सावरतात जरा. एक गोल बटण आहे, फिरवलं की लागला. तुमचा तो परातीएवढा पडदा समोर लावला, तर पोरं पडद्याकडे बघतील आणि गाडी खांबावर."

"मग नवा हवाच कशाला?"

"माझ्यासाठी! संध्याकाळी शेवटचं पोरगं उतरलं की मला माझी गाणी ऐकायचीत. मोठ्याने. दिवसभर क्लच दाब, क्लच सोड, क्लच दाब... माझ्याच आवाजाचा वीट येतो मला."

काकांना हे असलं काम म्हणजे मेजवानी. नुसता जुना काढून नवा ढकलायला काय, कोणीही ढकलतो. इथे जुना जागेवर ठेवायचा, नवा कप्प्यात लपवायचा आणि दरवाजातले चार स्पीकर मात्र तेच. दोन्ही एकदम त्या स्पीकरना जोडले तर एक दुसऱ्याला जाळतो. म्हणून काकांनी मध्ये एक बटण बसवलं, हँडब्रेकच्या शेजारी, छोटंसं. एकीकडे ढकललं की जुना, दुसरीकडे ढकललं की नवा. आणि वर हौस म्हणून दोन बारीक दिवे. हिरवा लागला की जुना चालू, लाल लागला की नवा. दिव्यांचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. "राहू दे बाई, माझ्याकडून," म्हणाले, आणि बटण इकडून तिकडे चार वेळा करून दाखवलं. लहान मुलासारखे.

आणि काकांचा कान तुला माहीतच नाही! अख्ख्या गल्लीत प्रसिद्ध. गाडी नुसती समोरून गेली ना, तरी सांगायचे, "उजवीकडचा मागचा स्पीकर उलटा जोडलाय गाढवाने." लोक थांबून उघडून बघायचे, आणि असायचा उलटा! डोळे मिटायचे, मान जराशी तिरकी करायचे, एक बोट वर. सगळे गप्प. मग निकाल. कधी कोणी मीटर लावून खात्री करायला गेलं तर चिडायचे, "मीटर मला शिकवणार का रे?"

तर अशा माणसाकडे बाई परत आल्या. म्हणे गाणं सुरू केलं की मागे एक बारीक शिट्टी. ॲक्सिलरेटर दाबला की चढते, सोडला की उतरते. जुन्यावर नाही, नव्यावरच. आणि बाईंचा कान म्हणजे सगळा इंजिनावर. पोरांना गिअर त्या कानानेच शिकवतात, "डोळे रस्त्यावर, कान इंजिनावर, आवाज चढला की बदल." त्यांना ती शिट्टी टोचणार नाही तर काय!

काकांनी तासभर घातला. ही वायर हलव, ती दाब, हे टेप कर. शेवटी कंटाळले. घामाघूम झालेले, गुडघे दुखतायत, त्यात टायरवाला लांबून ओरडतोय, "काय काका, बाईंनी क्लच शिकवायला घेतला की काय?" मग काकांनी काय केलं माहितीये? एक वायर सोडली, परत तिथेच लावली, बाहेर आले, फडक्याला हात पुसले, डोळे मिटले, मान तिरकी, बोट वर.

"गेली बघा."

बाई म्हणाल्या, "कुठे गेली? ही काय, वाजतेय की!"

टायरवाला फिसकन हसला. काकांचे कान लाल.

"हां, म्हणजे... आधीपेक्षा कमी झाली, असं म्हणतोय मी."

बाईंनी नुसतं बघितलं काकांकडे. आता बाईंचं एक आहे. नवीन पोराच्या हातात गाडी द्यायच्या आधी त्या त्याला लांबच्या गाडीची नंबर प्लेट वाचायला लावतात. ज्यांना दिसत नाही ना, ते कबूल करत नाहीत. ठोकून देतात काहीतरी. अगदी ठासून. इतकी वर्षं तेच बघितल्यावर बाईंना ते ठासून बोलणं बरोबर कळतं.

"काका, बसा जरा इथे," बाई म्हणाल्या. काका शेजारच्या सीटवर बसले. बाईंनी काचा वर केल्या. दोन्ही रेडिओंचा आवाज आधीच शून्यावर होता. मग हँडब्रेकवर हात ठेवावा तसा त्यांनी हात ठेवला, ते बटण तळव्याखाली झाकलं गेलं, आणि पाय दाबला. इंजिन चढलं.

"आता?"

काकांनी डोळे मिटले. मान तिरकी. बोट वर.

"येतेय. अगदी थोडी."

"चढतेय?"

"चढतेय ना. हे बघा, आता उतरली."

बाईंनी पाय काढला. इंजिन खाली आलं. आणि मग त्यांनी हळूच हात उचलला.

हिरवा दिवा.

म्हणजे हात ठेवतानाच बाईंनी बटण जुन्या रेडिओवर ढकललं होतं. ज्यावर शिट्टी कधी नव्हतीच. काका त्या दिव्याकडे बघत बसले. त्यांनीच लावलेला दिवा, फुकट, हौसेने. हात आपोआप फडक्याकडे गेला आणि स्वच्छ हात परत पुसायला लागले. अरे, त्या एवढ्याशा हिरव्या ठिपक्याकडे बघताना त्यांना काय काय आठवायला लागलं! घरचं वॉशिंग मशिन. कपडे धुऊन झाले की ते पीप पीप करतं, आणि काका घरात असूनही ओले कपडे आतच राहतात म्हणून काकू किती बोलतात. काकांनी ठामपणे सांगितलेलं की मशिनचा बजर खराब झालाय. नुसतं सांगून थांबले नाहीत, मशिन उघडून बजर बदललासुद्धा! काकू म्हणाल्या, अहो, चांगला वाजत होता. काका म्हणाले, तुला काय कळतं. आणि या वर्षी डास कसे नाहीत, असं गेल्याच आठवड्यात म्हणाले होते, आणि काकू हाताला खाजवत त्यांच्याकडे बघतच राहिलेल्या.

मग गाड्या आठवायला लागल्या. कोणाकोणाला "जा, एकदम क्लीन" म्हणून पाठवलं. पांढरी व्हॅन. त्या दवाखान्यातल्या नर्सताईंची गाडी. तो लग्न ठरलेला मुलगा, कसा हात मिळवून गेला होता. त्यातले कितीजण शिट्टी घेऊन गेले? गिऱ्हाईक कमी झालं तर काका पलीकडच्या नव्या शोरूमला शिव्या घालायचे. शोरूमचा काही संबंधच नसेल तर?

"काका," बाई हळू आवाजात म्हणाल्या. मग लगेच जरा मोठ्याने, "काका. कधीपासून?"

"काय कधीपासून?"

बाईंनी हिरव्या दिव्याकडे बोट दाखवलं.

"मला वाटलं तुम्हालाच भास होतोय," काका म्हणाले. "देवाशप्पथ. मी खोटं नव्हतो बोलत बाई. म्हणजे सुरुवातीला नव्हतो."

तुला वाटेल आता बाई चिडणार, पैसे परत मागणार, गाडी काढून शोरूमला जाणार. गेल्या असत्या तर कोणी काय म्हणणार होतं? पण बाईंनी काय केलं, तर सीट मागे ढकलली, पाठ ताठ केली आणि पोरांशी बोलतात ना, त्याच आवाजात म्हणाल्या, "घाबरायचं नाही. कप्पा उघडा. मी पाय दाबते, तुम्ही माझ्या हाताकडे बघायचं. हात वर म्हणजे शिट्टी वर. कळलं?"

"कळलं," काका म्हणाले. अगदी शिकाऊ पोरासारखे.

बटण लालवर. इंजिन चढलं, बाईंचा तळवा मांडीवरून उठला आणि वर वर गेला, पार आरशापर्यंत. काका तोंड उघडं टाकून बघत राहिले. एवढी? एवढी मोठी होती ती? पाय सुटला, तळवा खाली आला. परत वर. परत खाली. काका एकेक वायर सोडत होते आणि कान नाही, डोळे त्या हातावर. एकदा सवयीने डोळे मिटले, तर बाई ओरडल्या, "डोळे उघडा! रस्त्यावर लक्ष!" आणि दोघंही हसले.

हसले आणि तिथेच सापडली. नव्या स्टिरिओची अर्थची वायर. काकांनी ती जवळच्या एका पट्टीच्या बोल्टला आवळली होती, आणि पट्टीवर होता रंग. रंगामुळे नीट टेकतच नव्हती, म्हणून इंजिनाची शिट्टी स्पीकरमध्ये शिरत होती. जुन्या रेडिओची अर्थ मात्र कंपनीने कोऱ्या पत्र्यावर बसवलेली. काकांनी नव्याची वायर ओढून थेट जुन्याच्या शेजारी नेली, त्याच बोल्टवर आवळली.

"दाबा पाय."

इंजिन चढलं. बाईंचा हात मांडीवरच. अजून चढलं, बोनेट थरथरायला लागलं. हात मांडीवरच. काका त्या हाताकडे बघत राहिले. किती वेळ, विचारू नकोस. शेवटी बाईच म्हणाल्या, "झालं हो काका. पास."

आता खरी गोष्ट पुढेच आहे.

काका बाहेर येतायत, गुडघे धरून, तेव्हा टायरवाल्याकडे एक टॅक्सी लागली होती, तिचा ड्रायव्हर म्हणत होता, माझ्या स्टिरिओतून कसला तरी बारीक आवाज येतो की मलाच वाटतो, देव जाणे. टायरवाल्याने काय करावं? हाका मारून गोळा केले ना सगळे! पंक्चरवाली पोरं, चहावाला, शेजारचा सीटकव्हरवाला. "या रे या, आमच्या काकांचा कान बघा! मीटरबिटर काही लागत नाही! काका, सांगा याला, येतोय का आवाज?"

आणि टॅक्सीवाल्याने इंजिन रेझ केलं.

काका टॅक्सीच्या खिडकीशी वाकले. सवयच रे. डोळे मिटले, मान तिरकी, बोट वर. सगळे गप्प. आणि मग त्यांनी डोळे उघडले आणि मान वळवून बाईंकडे बघितलं.

बाई त्यांच्या गाडीत, काच खाली, निघायच्या बेतात. खिडकीवर हात ठेवलेला. आणि तो हात उठत होता. इंजिन चढलं की वर, उतरलं की खाली. मुद्दाम की नकळत, कोण जाणे. बाकी कोणाचं तिकडे लक्षच नव्हतं. काकांनी फक्त "येतोय" म्हणायचं होतं. एक शब्द. काम मिळालं असतं, नाव राहिलं असतं, आणि बिघाड बरोबर सापडलासुद्धा असता.

काकांनी तो हात नीट बघितला. आणि पाठ फिरवली. म्हणजे अक्षरशः फिरले, बाईंचा हात दिसणारच नाही असे, टायरवाल्याकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "मला नाही ऐकू येत रे. बारीक आवाज ऐकूच येत नाहीत मला आता. दुसऱ्या कोणाला तरी विचार."

आणि मग सगळे हसले! पंक्चरवाली पोरं टाळ्या देऊन हसायला लागली. टायरवाल्याने काकांच्या पाठीत धपका घातला, "काय काका! कसली मस्करी करता, एवढा सरळ चेहरा ठेवून!" टॅक्सीवालापण हसला, "म्हणजे आवाज नाहीच ना? वाचलो!" आणि निघायला गिअर टाकला.

काका मध्ये उभे. हातात ते फडकं. बाईंनी गाडी बंद केली होती, त्या हसत नव्हत्या. बाकी सगळे हसत होते, इतक्या प्रेमाने हसत होते रे, की काकांनी नुसतं त्यांच्यात हसायचं होतं. खरं तर ते सांगून मोकळे झाले होते. कोणी ऐकलंच नाही, हा काय त्यांचा दोष?

टॅक्सी हलली. काकांनी हात पुढे केला, तिच्या दरवाजावर तळवा टेकवला आणि तोंड उघडलं.

मला सांग, खरं सांग हं, तू असतास तर दुसऱ्यांदा सांगितलं असतंस?