वार्निश खाणाऱ्या पाट्या

चवथ तोंडावर आली होती. डिचोलीत भिकाजीकाकांच्या चित्रशाळेतले, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यातले, गणपती रंगून ओळीने बसले होते, पण एकालाही डोळे नव्हते. डोळे लिहायचे ते त्यांच्या बायकोने, कुसुमकाकीनेच, हे सगळ्या गावाला ठाऊक. आणि काकीला आत यायची बंदी होती. पावसामुळे शाळेला चारी बाजूंनी प्लास्टिक लावलेलं, आत रंगाचा आणि थिनरचा वास कोंडलेला. तिथे बसली की तिला धाप लागायची. डॉक्टरांनी स्पष्टच बजावलं होतं. काकी घराच्या खिडकीतून शाळेकडे बघत बसायची आणि प्राजक्ताला ते बघवत नव्हतं.

प्राजक्ता त्यांची पुतणी. विद्यापीठात ती एका पांढऱ्या भुकटीच्या मागे हात धुऊन लागली होती. उजेड पडला की ही भुकटी हवेतल्या विषारी वाफा मोडून टाकते. पण बाईसाहेबांचे नखरे असे, की अतिनील दिवाच हवा. साध्या दिव्याखाली ढिम्म. प्राजक्ताने तिला युरियाबरोबर भट्टीत भाजलं, तेव्हा कुठे ती पिवळसर झाली आणि प्रयोगशाळेत साध्या उजेडात काम करू लागली. मग प्राजक्ताने ती काचेच्या पाट्यांवर दोन्ही बाजूंनी चढवली, पाट्या पंखा नि साधे दिवे असलेल्या खोक्यात बसवल्या आणि खोका काकांच्या स्वाधीन करून ती परत गेली.

आठवड्याने आली ती धावतच. वाफा मोजायचं यंत्र लावलं, तर आकडा होता तिथेच. तिने खोका उघडला. पाट्या एका बाजूने चकाकत होत्या.

"काका, ह्यां काय केलात?"

"वार्निश मारलंय," काका म्हणाले. "बोट लावलां की पिठी सुटत होती. असां अर्धवट काम माझ्या शाळेत ठेवूचां नाय."

जन्मभर मूर्तींवर शेवटचा हात मारणाऱ्या माणसाने पाट्यांवरही तो मारला होता. प्राजक्ताला रडू कोसळायचंच बाकी राहिलं. भुकटी वार्निशाखाली गाडली गेली होती आणि नवी करायला वेळ नव्हता. चिडून तिने एक पाटी उचलली, खरवडावी म्हणून नख लावलं, आणि थांबली.

दिव्याकडची बाजू चकाकत नव्हती. बोट फिरवलं तर बोटाला खडूसारखी धूळ लागली. तिने पाटी उलटली. सावलीतली बाजू आरशासारखी लखलखीत.

"दोन्ही बाजूंनी मारलात वार्निश?"

"मगे? एकाच बाजून मारतत काय?"

प्राजक्ताने पाटी पुन्हा उलटून पाहिली. जिथे उजेड पडला, तिथे भुकटीने वार्निश खाल्लं होतं! साध्या दिव्यात, भर पावसाच्या दमट हवेत. आठवडाभर ती थिनरकडे बघतसुद्धा नव्हती, कारण काकांनी तिला भरपेट जेवायला वाढलं होतं. प्राजक्ताने काकांचे दोन्ही खांदे धरून त्यांना गदागदा हलवलं.

"माझां वार्निश वायट नाय हां," काका घाईघाईने म्हणाले.

"चांगलां होतां म्हणानच सांगतंय, काका! असलां घट्ट वार्निश खाल्लान, तर थिनराचा काय!"

दोघांनी मिळून खाल्लेल्या वार्निशाची धूळ ओल्या फडक्याने हलकेच पुसली, पाट्या लखलखीत बाजू मागे नि मोकळी झालेली बाजू दिव्याकडे राहील अशा बसवल्या आणि पंखा सुरू केला. प्राजक्ता यंत्रासमोर फतकल मारून बसली. बराच वेळ आकडा हलेना. मग एक घर उतरला. पुन्हा एक. दुपारपर्यंत तो इतका खाली आला, की तिने यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं, कारण तिचा स्वतःवरच विश्वास बसेना. आकडा तोच होता.

डॉक्टरांना फोन झाला. त्यांनी आकडा दोनदा विचारला, थोडा थोडा वेळ बसायला हरकत नाही म्हणाले, त्रास वाटला तर लगेच उठायचं.

काकी उंबऱ्याशी आली. आधी नुसतं नाक आत घातलं, मग पाऊल. एक लांब श्वास घेतला. काका तिच्या तोंडाकडे बघत राहिले, आणि प्राजक्तानेच श्वास रोखून धरला.

"झोंबत नाय गो," काकी म्हणाली.

तिने पाट ओढला, कुंचला काळ्या रंगात बुडवला आणि पहिल्या गणपतीसमोर बसून त्याच्या उजव्या डोळ्याची रेघ एका दमात ओढली. मग मान न वळवता तिने नवऱ्याला सांगितलं, "आता माका हाक मारू नको. चाय हयच घेवन ये."