मिठाचं कबूतर

कोर्पुस क्रिस्तीच्या सणाला सगळं गाव रस्त्यावर रंगीत भुशाचा गालिचा घालतं आणि पाद्रीबाबा तो तुडवत मिरवणूक नेतात. पण नेतात ती खालच्या आळीतून! वर टेकडीवर ओलिंदाबाईंनी मिठाचं पांढरंशुभ्र कबूतर काढावं आणि इस्पितळाकडे चढणाऱ्या बसनं त्यावर काजळी ओकावी, हे दरवर्षीचंच. शेवटी कंटाळून पाद्रीबाबांनी टेकडीचा रस्ताच सोडला. खालच्या आळीतल्या बायका तोंडावर विचारायच्या, "काय गं ओलिंदा, यंदा कावळा केवढा काढतेस?" म्हातारी तरी दर जूनमध्ये गुडघे टेकून मीठ पसरायचीच. तुडवायला मात्र कोणी यायचं नाही.

तिची लेक झेनाइदे बस आगारात इंजिनियर. हा कावळा तिच्या जिव्हारी लागला होता. उसाच्या गावात अल्कोहोलला काय तोटा? तिनं डिझेलमध्ये अल्कोहोल मिसळलं, दोन्ही फुटून वेगळी होऊ नयेत म्हणून औषध घातलं आणि टेकडीची बस त्यावर चालवली. धूर पुरता गेला नाही, पण काजळी निम्म्याच्या खाली आली. मग ती तडक पाद्रीबाबांकडे गेली.

"सणाच्या दिवशी प्रार्थना आटोपून येतो," ते म्हणाले. "कबूतर पांढरं दिसलं तर मिरवणूक वर. नाहीतर खालून, नेहमीसारखी."

आणि सणाच्याच सकाळी, तिकडच्या जूनमधल्या ऐन हिवाळी गारठ्यात, बस आचके देत चढावावर आली नि ओलिंदाबाईंच्या दाराच्या थोडी खाली बंद पडली!

"मी काही वाईट केलं नाही, ताई," ड्रायव्हर वाल्दोमिर काकुळतीला आला. "टाकी कमी दिसली, म्हणून कोपऱ्यावरच्या पंपावरून अल्कोहोल भरलं. सगळ्या गावाच्या मोटारी त्याच्यावरच तर पळतात!"

"अरे माझ्या कर्मा! त्यात पाणी असतं रे! मोटारीला चालतं, डिझेलला नाही. मी सुकं अल्कोहोल वापरते." झेनाइदेनं टाकीतलं तेल बाटलीत काढलं. खाली पिवळं डिझेल, वर पाण्यासारखं अल्कोहोल, सरळ दोन थर. इंजिनाला कधी हे मिळत होतं, कधी ते.

वाल्दोमिर हळूच म्हणाला, "मग राहू दे ना बंद. बंद बस काजळी टाकत नाही. कबूतर पांढरंच दिसेल."

झेनाइदेला मोह झाला. खरंच झाला. तिनं आईकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" ओलिंदाबाई कडाडल्या. "इस्पितळात जाणारी माणसं काय रांगत चढणार? असलं फसवं कबूतर मला नको. चालव ती बस!"

मग काय! आगारातून नव्या मिश्रणाचे डबे आले. शेजाऱ्यांनी बादल्या लावून टाकी उपसली, झेनाइदेनं फिल्टर बदलला, नळ्यांतली हवा काढली. कोपरापर्यंत तेलानं माखली पोरगी. इतक्यात देवळाची घंटा वाजली आणि पाद्रीबाबा चढावाच्या तोंडाशी येऊन थांबले. मागे सगळं गाव, पुढे खालच्या आळीतल्या बायका.

"लाव," झेनाइदे म्हणाली.

इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं, आणि लागलं! माणसांनी भरलेली बस चढ चढू लागली. कबुतराच्या अगदी कडेनं गेली. ओलिंदाबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले होते. बस वळणाआड गेली तरी त्या उघडीनात.

"आई, बघ तरी."

पाद्रीबाबा वर आले, वाकले. चिमूटभर मीठ उचलून त्यांनी तळहातावर उन्हात धरलं आणि चक्क जिभेवर ठेवलं.

"मीठच आहे," ते हसले. "पांढरं."

झेनाइदे खालच्या आळीतल्या बायकांकडे वळून भर रस्त्यात ओरडली, "बघा गं, बघा आमचा कावळा!"

पाद्रीबाबांनी पाऊल उचललं, पण ते तिथंच अडखळलं. इतकं देखणं कबूतर, त्यावर पाय द्यायचा कसा?

म्हातारीच्या डोळ्यांना धार लागली होती.

"तुडवा, बाबा," ती म्हणाली. "चांगलं तुडवा. त्याच्यासाठीच काढलंय."