चांगुणाच्या अंगठ्याची खळी

मी फेण्यांचा, म्हणजे तांदळाच्या वाफवलेल्या पापडांचा, स्टँड बोलतोय. दिसायला मी काही खास नाही. ॲल्युमिनियमची एक दांडी आणि तिच्यावर एकावर एक बसणाऱ्या सहा ताटल्या. कर्जतच्या बाजारात माझ्यासारखे ढिगाने मिळायचे. कुंभिवलीच्या भागूबाईने मात्र मला चारदा वाजवून, दोनदा परत ठेवून, मगच पिशवीत घातलं.

तीन दिवस भिजवलेल्या तांदळाचं आंबूस पीठ माझ्या ताटल्यांवर पसरायचं, मला पातेल्यात उभं करून वाफवायचं, मग फेण्या सोलून खाटेवर वाळत घालायच्या. हे एकटीचं काम नव्हे. आज भागूबाईकडे, उद्या शेजारच्या चांगुणाकडे, अशी पाळी चाले. मजुरीचं नावही कुणी काढत नसे. ओल्या फेण्या तेलाशी खायच्या आणि सुनांच्या कागाळ्या करायच्या, एवढीच कमाई. चांगुणाने सोललेल्या फेणीच्या कडेला तिच्या अंगठ्याची खळी राहायची. भागूबाई तिला त्यावरून चिडवायची.

मग हायवेवरच्या चौक गावातल्या एका ढाबेवाल्याने भागूबाईच्या सुनेला, सुप्रियाला, पन्नास पाकिटांची ऑर्डर दिली. घरात आनंदीआनंद! भागूबाईने नेहमीसारखी चांगुणाला हाक मारली. पण फेण्या विकायच्या आहेत, हे सांगितलं नाही. लबाडी नव्हती हो ती. विकायचं म्हटलं की मजुरी बोलावी लागणार, आणि चांगुणाशी मजुरी कोणत्या तोंडाने बोलायची? त्या संकोचात ती गप्प बसली. मीही तिथेच होतो, पण माझं कोण ऐकतंय!

चार दिवस चांगुणा उन्हात राबली. पुढच्या आठवड्यात चौकला चहासाठी थांबली, तर ढाब्यावर टांगलेल्या पाकिटांत तिला स्वतःच्याच अंगठ्याच्या खळ्या दिसल्या.

"घरचं म्हनून आले गं मी," आमच्या दारात उभी राहून ती म्हणाली. "इकायचं हाय, येवढं सांगायचं व्हतंस." त्यानंतर ती अंगणात आली नाही.

धंदा मात्र वाढला. सुप्रियाने हायवेलगत शेड घातली, मशीन आणलं. आसपासच्या बारा मुली तिथे पगारावर आहेत. मशीनवर माझा राग आहे, नाही कशाला म्हणू? पण त्या मुलींच्या पगाराला मी नावं ठेवणार नाही. तिथल्या फेण्या सगळ्या एकसारख्या निघतात. मी माळ्यावर गेलो.

यंदाच्या उन्हाळ्यात भागूबाईने मला खाली काढलं, राखेने घासलं, तीन दिवस आधी तांदूळ भिजवले आणि स्वतः जाऊन चांगुणाला बोलावून आणलं. चांगुणा आली! पहिला घाणा निघाला. तिने एक फेणी सोलली, तेलाशी खाल्ली आणि म्हणाली, "आंबट बरी झालीय." मला वाटलं, मिटलं एकदाचं.

तेवढ्यात ती उठली आणि तिने पदराची गाठ सोडली.

"किती झालं गं?"

"आगं, घरच्या हायत!"

"मागल्या टायमालाबी घरच्याच व्हत्या."

दहाची नोट माझ्या वरच्या ताटलीत ठेवून ती निघून गेली.

भागूबाईने नोट उचलली नाही आणि दुसरा घाणाही लावला नाही. बायांनो, धंदा करा, वाढवा, मला खुशाल भंगारात घाला. पण शेजारणीला हाक मारताना कशासाठी ते आधी सांगा. पातेलंभर पीठ अजून तसंच आहे, आणि ते एकटीचं काम नव्हे.