डाव्या खिडकीतला हात

टिक्… टिक्… टिक्… तंबाखूच्या डबीएवढी ती गोल पत्र्याची डबी थावराच्या तळहातावर होती आणि तिच्या आतून कोणीतरी नखानं पत्रा वाजवत होतं — वाजवायचं, थांबायचं, पुन्हा वाजवायचं. जलीलमिस्त्रीनं तिला बॅटरीच्या वायरी जोडल्या होत्या, आणि जमिनीवर पडलेला नारंगी दिवा तिच्या तालावर लागत होता, विझत होता. "ये उसका दिल है, चाचा," मिस्त्री म्हणाला, "ये धडका, के चारों दिवे धडकते." थावरानं मूठ मिटली. मुठीतही ते थांबेना. मेलं किती नेमानं वाजतंय, त्याला वाटलं, आणि आपलं इथं सकाळपासून नुसतं धाडधाड चाललंय.

चारी दिवे एकदम. डावे, उजवे, पुढचे, मागचे. त्याच्या पिकअपला आजवर असलं काही नव्हतंच. साठच्या दशकातली गाडी ती. तोंड जीपचं, मागं उघडा हौदा. पाटबंधारे खात्याच्या लिलावातून त्यानं ती उचलली तेव्हा अख्ख्या तांड्यात पहिली गाडी त्याची होती, आणि तो त्या दिवसापासून 'गाडीवाला थावरा' झाला होता. दर पोळ्याला तो तिला ब्रशनं हिरवा रंग द्यायचा, आरशांना गोंडे बांधायचा. बैल विकून गाडी घेतलेल्या माणसानं पोळ्याला दुसरं करायचं तरी काय! वळायचं असलं की हात बाहेर — उजवीकडं त्याचा, डावीकडं पारूबाईचा. बायको शेजारी बसायची ती त्यासाठीच. दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्यांनी भरलेला तो हात डाव्या खिडकीतून निघाला की आखाडा बाळापूरच्या चौकातले रिक्षावालेसुद्धा थबकायचे. थावराची गाडी वळली, बाईचा हात निघाला… लोक हसायचे आणि वाट द्यायचे.

"पीछे से ठोका क्या किसीने?" मिस्त्रीनं विचारलं.

"ठोकलं न्हाई."

"फिर कायकू?"

"ठोकू नये म्हणून," थावरा म्हणाला, आणि डबी त्याच्या हातात देऊन उगाचच टायरला लाथ मारून बघू लागला.

खोटं. सपशेल खोटं. मागून कोणी आदळेल ही भीती त्याला कधीच नव्हती. भीती पुढची होती. दिवस बुडाला की थावराला दिसत नव्हतं.

दिवाळीच्या आसपास कधीतरी हे सुरू झालं… आधी वाटलं, समोरची काच मळकी आहे. काच पुसली. मग वाटलं, पुढचे दिवे मंद झालेत. नवे बल्ब टाकले. मग पुसायला आणि बदलायला काही उरलं नाही, तरी रस्ता संध्याकाळी कडेनं विरघळत यायचा, मध्ये बादलीएवढा उजेड उरायचा आणि बादलीबाहेर नुसतं काळं. त्यानं कोणाला सांगितलं नाही. कळमनुरीला डोळ्यांचं शिबिर लागलं होतं, तिथं रांगेत उभाही राहिला. पुढचा म्हातारा आत गेला, आणि 'आता गाडी बंद' हे शब्द डॉक्टरच्या तोंडून ऐकायच्या आधी आपणच निघालेलं बरं, म्हणून चपला घालून निघून आला. घरी म्हणाला, लई गर्दी व्हती.

आणि ती कडब्याची गाडी. बाजाराहून परतत होते, हौद्यात बाया होत्या, सून पुजा होती, तिचं लेकरू होतं. शेजारी पारूच्या तोंडाचा पट्टा नेहमीसारखा चालू — "अगं बया, कडबा केवढा भरलाय बघा गाडीत!" — आणि त्याचा पाय ब्रेकवर गेला होता, गाडी कचकन थांबली होती, आणि कंदील नसलेली, बैल सोडलेली, रस्त्यात तशीच उभी असलेली ती बैलगाडी बॉनेटला टेकायची तेवढी राहिली होती. बाया किंचाळल्या. मग तांड्याच्या नेमसिंग नायकानं चारचौघांत त्याची पाठ थोपटली — थावरा डोळ्यांत तेल घालून चालवतो म्हणून! त्यानं ती शाबासकी मुकाट्यानं घेतली. …दिसली मला. दिसली की! दिसल्याशिवाय पाय ब्रेकवर गेला का? पण आधी काय झालं — तिचं बोलणं की माझा पाय? इथंच घोडं पेंड खात होतं. तो ते कितीदा तरी उलगडून बघायचा आणि दर वेळी दोन्ही एकदमच घडायचं.

उद्यापासून कुरुंद्याला हळद काढायला जायचं होतं. तांड्यातल्या साऱ्या बाया त्याच्याच गाडीत. सकाळी न्यायचं, दिवस बुडता बुडता आणायचं, होळीपर्यंत रोज. नायकानं शब्द दिला होता. आपल्या गाडीला दिसत नाही, असं सांगायचं? गाडीला… बघा, मनातसुद्धा तो गाडीलाच म्हणाला. मुलगा दिपक नांदेडला कामाला, तांड्यात दुसऱ्या कोणाच्या हाताला स्टेअरिंग ठाऊक नाही. मग त्याच्या डोक्यात हे दिवे आले होते. आपल्याला दिसत नसलं तर निदान आपण तरी दिसावं. चारी बाजूंनी धडधडत निघालं की मागचे थांबतील, पुढचे सरतील, लोक सांभाळून घेतील. पटायचं त्याला ते. मग एकदम आठवायचं की बैल सोडलेली गाडी काही आपणहून सरत नाही.

मिस्त्रीनं मागच्या पत्र्याला ड्रिल लावलं. पत्रा कर्रर्र करून ओरडला, थावराच्या दाढा शिवशिवल्या… आणि आवाज मध्येच बसला. ड्रिल थांबलं, समोरच्या गिरणीचा पट्टा थांबला, सगळं बाळापूर गपकन मुकं झालं.

"गयी," मिस्त्री म्हणाला. "अब शाम कू आती."

"शामला?" थावरा ओरडलाच. "हातानं भोक पाड की बाबा! खिळा ठोकून पाड! मला दिवस हाय तवर घरी जायचंय."

"जल्दी क्या है, चाचा? आज तो दिवे लगाये ना तुमने. अंधेरे में ही तो मजा है."

मिस्त्री डबा उघडून जेवायला बसला. थावरा दुकानापुढच्या फळीवर बसला, उठला, पानटपरीपर्यंत गेला, परत आला. ऊन गिरणीच्या भिंतीवर होतं. पलीकडे लिंबाखाली पारू गाठोड्याला टेकून बसली होती, मांडीवर ओढणीचा काठ घेऊन आरशाचे तुकडे टाचत. तिनं एकदा मान वर करून सूर्याकडं बघितलं आणि पुन्हा सुई घातली. ती सकाळपासून बोलत नव्हती, आणि त्याला कारण होतं.

सकाळी निघताना तोच म्हणाला होता — आज दिवे लागले की तुझ्या हाताचं काम संपलं. उद्यापासून मागं बायांत बसायचं. पुढं बडबड नको. बडबड, म्हणाला तो. सहा मैल रस्ता आणि सहा मैल हिची जीभ! ती बघा म्हैस, तो बघा कोणाचा तरी पोरगा सायकलवर, पुलाचा कठडा कोणी फोडला बाई, बाभळ किती वाकलीय. कान किटले होते त्याचे. अंधारात जीव डोळ्यांत गोळा करून बसावं तर हिचं आपलं म्हैस आणि बाभळ. यावर तिनं गाठोडं उचललं. गाडीत दाराला डोकं टेकलं आणि बाळापूर येईपर्यंत झोपली. रुसली असेल. रुसू दे.

ऊन भिंतीवरून पत्र्यावर चढलं. आजा सांगायचा, मिठाचा माल लादून तांडा निघाला की शेवटच्या बैलाच्या गळ्यात मोठी घंटा असायची. अंधारात ती ऐकू येईनाशी झाली की पुढच्यानं जागच्या जागी थांबायचं, मग रान असो की नदी. लहानपणी थावराला प्रश्न पडायचा — आपण पुढं आहोत, आपली वाट पुढं आहे, मागच्या घंटेशी आपल्याला काय करायचंय? आत्ता हे काहून आठवलं कोण जाणे. ऊन पत्र्यावरूनही उतरलं. त्याची पाचावर धारण बसली होती आणि तोंडानं तो मिस्त्रीला विचारत होता, होळीला घरी कोण कोण येतंय.

लाईट आली तेव्हा दुकानातला पिवळा बल्ब उगाच लागल्यासारखा वाटला नाही. त्याची गरज होती. मिस्त्रीनं मात्र हात चालवला. भोकं पाडली, दिवे बसवले, वायरी गाडीच्या पोटाखालून ओढून चिकटपट्टीनं बांधल्या, स्टेअरिंगखाली एक खटका लावला. "चाचा, पीछे जाके देखो."

थावरा भिंतीला हात लावत मागं गेला. खटका पडला.

नारंगी… आणि उजेडात गाडीचा हौदा, त्यानं स्वतः रंगवलेली हिरवी फळी, फळीशेजारी उभी पारू, तिच्या ओढणीतले आरसे. काळं. काहीच नाही, ना गाडी, ना फळी, ना बाई. पुन्हा नारंगी — पारू तिथंच, त्याच्याचकडं बघत. पुन्हा नाही. असं असतंय तर, त्याच्या मनात आलं. एवढं सगळं जातंय. इतके दिवस ते त्यानं असं शेजारीशेजारी ठेवून बघितलं नव्हतं.

"दोन्ही मागचे लागले," पारू म्हणाली. "डावा जरा वाकडा बसलाय."

"ये खडी गाडी के वास्ते रहता, चाचा," मिस्त्री हात पुसत सांगत होता. "गाडी बंद पडी, रस्ते में खडी है, तब लगाने का. चलती गाडी में नहीं."

"व्हय व्हय," थावरा म्हणाला. "ठाव हाय मला."

त्याला ठाऊक नव्हतं. तो आत बसला. शेजारची जागा रिकामी होती. मागं हौद्याची साखळी वाजली, गाठोडं पडल्याचा आवाज आला. पारू मागं चढली होती, सांगितल्याप्रमाणे. त्यानं इंजिन चालू केलं, दुकानाच्या उतारावरून गाडी हळूच खाली सोडली, आणि चाकांना डांबर लागलं तशी ती उजेडाची बादली समोर आली. मध्ये थोडा उजेड. बाहेर काळं. आणि कोणी बोलत नव्हतं.

इंजिन तर केवढं ओरडत होतं, तरी ते कोणी न बोलणं त्याला ऐकू येत होतं. ती बघा म्हैस नाही. तो बघा सायकलवाला नाही. पुढं आहे का काही, नाही का… त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला, आणि पाय गेल्यावर त्याला कळलं की हा पाय रोज कशावर जात होता. कडब्याची गाडी त्यानं बघितली नव्हती. ऐकली होती. म्हैस ऐकली होती, फुटका कठडा ऐकला होता, वाकलेली बाभळ ऐकली होती. सकाळी ती कधीच बोलायची नाही! रुसवा असो नसो, सकाळी दाराला डोकं टेकून झोपायची. हिची जीभ चालू व्हायची ती दिवेलागणीला.

त्यानं गाडी थांबवली आणि खटका दाबला. टिक्… टिक्…

"पारू."

मागं गाठोडं सरकल्याचा आवाज आला.

"पारू, पुढं ये."

"आता कशाला? दिवे लागले की तुमचे."

"दिवे दुसऱ्याला दिसतेत." "मला न्हाई दिसत. दिवस बुडला की मला काहीच दिसत न्हाई, पारू."

साखळी वाजली. पावलं गाडीच्या कडेनं आली, डावं दार उघडलं, बांगड्या खळखळल्या, दार लागलं. तिच्या अंगाला लिंबाचा आणि दोऱ्याचा वास होता.

"कवापासून ठाव हाय तुला?"

"तुमी काच पुसत बसला तवापासून."

"मग बोलली काहून न्हाई?"

"बोलतच तर व्हते," ती म्हणाली. "रोज. घसा बसंस्तोवर."

त्याला राग आला. शरमेनं आला, पण आला. मागं एवढ्या बाया, पुजा, तिच्या कडेवरचं लेकरू, सगळे थावराच्या भरवशावर पेंगत असायचे, आणि हिला ठाऊक असताना हिनं बसू दिलं त्यांना! मग वाटलं, आपल्याला ठाऊक नव्हतं का? ही निदान जागी तरी होती. त्याला तिचा हात धरावासा वाटला आणि तो कुठं आहे ते दिसलं नाही.

"उद्या नायकाला काय सांगायचं?" तिनं विचारलं.

त्यानं गिअरच्या दांड्यावर हात ठेवला. गाडीवाला थावरा, तांड्यातला पहिला… दांडा हाताखाली थरथरत होता. मागून एक ट्रक आला, त्यांना वळसा घालून भोंगा न वाजवता निघून गेला. दिवे दिसले असतील त्याला.

पारू पुढं झुकली. सवयीनंच असेल. "लिंबाखाली एक सायकल हाय उभी," ती म्हणाली. "कडंला कुत्रं निजलंय. त्याच्या पल्याड मोकळं हाय. जाऊ द्या."

गाडी हलली नाही.

"जाऊ द्या की. मोकळं हाय म्हणते ना."

थावरानं दांड्यावरचा हात काढला. किती दिवसांनी त्यानं डोळे ताणायचे सोडले होते. ते त्यानं मिटून घेतले तरी काही फरक पडला नाही, आणि त्याचीही त्याला भीती वाटली नाही.

"सांग," तो म्हणाला. "अजून काय काय हाय, सांग."