न पोळणारा हात

दर्शनाला आलेली गर्दी चर्चमधल्या मातेच्या मूर्तीपुढे नव्हती. ती वच्छलाच्या उजव्या हाताभोवती जमली होती. हाताखाली मेणबत्ती जळत होती, ज्योत बोटांना चाटत होती, आणि वच्छला समोरच्या रंगीत काचांकडे पाहत शांत उभी होती.

“पाह्यलं का जी?” डोमा महाराज गरजला. “हात आगीत, अन् कपायावर आठी नाई! सात समुद्र चालत आलेल्या दर्याआईनं हिची आग पिऊन टाकली!”

सात समुद्र चालत यायचे तर माता जहाजांच्या या जुन्या बंदरातच का थांबली, हे कोणी विचारले नाही. डोमा पूर्वी बल्लारशाला रेल्वेच्या रुळांवर मजुरी करी. दोन वर्षांपूर्वी त्याच्या अंगात दर्याआई आली आणि यंदा धान निघाल्यावर त्याने आरमोरीच्या बारा माणसांना बेजवाड्यामार्गे मच्छलीपट्टणच्या या चर्चमध्ये आणले.

बाया वच्छलाच्या पाया पडू लागल्या. नवरा मुखरू तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला. वच्छलाला काही वाटले नाही. आदल्या दिवशी समुद्र पाहून सगळे ओरडले, तेव्हा ती “लय पाणी आहे” एवढेच म्हणाली होती. कित्येक महिने असेच चालले होते. हातातून काहीतरी निघून गेले होते आणि मन त्याच्या मागोमाग गेले होते. आता लोक त्याला कृपा म्हणत होते. कोणी पुढे केलेले ताट घ्यावे तशी ती कृपा तिने घेतली.

“मार्कंड्याच्या जत्रेत हिले बसवतो,” डोमाने जाहीर केले. “पाच दिवस, सकाय-संध्याकाय, हात आगीत! मुखरूभाऊ, बोला.”

“हाव जी,” मुखरूने होकार दिला.

गुणवंतराव गुरुजी एवढा वेळ फरशीतल्या थडग्यांवरची अक्षरे लावत होते. प्राथमिक शाळेचे हे मास्तर समुद्र आणि चर्च पाहायचे म्हणून सोबत आले होते. ‘हाव’ ऐकून ते उठले, पुढे आले आणि त्यांनी वच्छलाचे मनगट धरून हात ज्योतीवरून बाजूला केला. बोटांवर टपोरे फोड आले होते.

“महाराज, आईनं आग पिली, तं हे फोड कोणाचे?”

“परसाद आहे तो!”

“बरं. आता डाव्या हाताले परसाद द्या.”

डोमा दचकला. “डावा हात संसाराचा. उजवा मायचा.”

“म्हणजे माय अर्ध्याच बाईले पावली?”

मागे कोणीतरी खुदकन हसले. डोमा पुढचे बोलण्यापूर्वीच वच्छलाने डावा हात ज्योतीपाशी नेला.

“आई वं!”

तिने हात झटकला. मेणबत्ती आडवी पडून विझली. वच्छला आपल्या डाव्या हाताकडे नवलाने पाहत राहिली. पोळणे असे असते, हे ती जणू विसरूनच गेली होती.

“मेणबत्ती तीच, माता तीच, बाई तीच,” गुरुजी म्हणाले. “बदलला तो फक्त हात. तवा कारण हातात शोधलं पाह्यजे. बाई, डोये मिटा.”

त्यांनी उपरण्याचा एक धागा ओढून तिच्या डाव्या बोटांवरून फिरवला.

“लागला,” ती म्हणाली.

मग उजव्या. ती गप्पच.

“लावला का जी?”

“तीनदा.”

वच्छलाने डोळे उघडले. “कोशाचं टोकबी सापडत नाई मले. मागच्या वर्साच्या दिवायीपासून. डोयानं शोधते.” रेशमाचे कोसे उकळून त्यांचा धागा मांडीवर वळणे हेच तिचे काम, आणि धाग्याचे टोक बोटांनाच कळावे लागते.

“मले काऊन नाई सांगितलं?” मुखरूने विचारले.

“उकयत्या हंड्यातून हातानं कोसे काढते, म्हणून तुमीच तं गावभर मिरवत होते.”

मुखरूने डोमाकडे पाहिले. गावभर मिरवलेले डोमानेही ऐकले होते, आणि म्हणूनच मेणबत्ती तिच्या हाताखाली आली होती.

“तार तुटली की टपालघरात निरोप पोचत नाई,” गुरुजी म्हणाले. “पण आग लागलेलं घर जयतच राह्यते. हिच्या हाताची नस तशी झाली आहे. महारोगात असं होते. त्याच्यावर आता गोया निघाल्या आहेत.”

‘महारोग’ या एका शब्दासरशी पायाशी बसलेल्या बायांनी पदर सावरून मागे सरकायला सुरुवात केली. डोमा बाजूच्या दाराने केव्हा निघून गेला, कळले नाही. आवाज ऐकून आलेल्या म्हाताऱ्या पाद्र्याने एवढेच सांगितले, “हमारे यहाँ ऐसा कोई चमत्कार नहीं बताते,” आणि सरकारी दवाखान्याचा रस्ता दाखवला.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या दंडावरचे फिकट चट्टे तपासले, फोडांना पट्टी बांधली आणि स्पष्ट सांगितले: गोळ्या काही वर्षे घ्याव्या लागतील, गेलेली संवेदना सगळी परतेल असे नाही, पण हात जपला तर बोटे वाचतील. जत्रेत पाच दिवस आगीत धरला असता, तर वाचली नसती.

परतीच्या गाडीत वच्छलाच्या बाकावर कोणी बसेना. मुखरू दाराशी बराच वेळ उभा राहिला. मग येऊन शेजारी बसला आणि त्याने पट्टी बांधलेला तिचा हात आपल्या मांडीवर घेतला. हाताला ते कळले नाही, डोळ्यांना दिसले.

वाचकहो, सकाळी ती देवी नव्हती आणि संध्याकाळी ती विटाळ झाली नाही. दोन्ही वेळा ती आजारी बाई होती, आणि दोन्ही वेळा डोके बाजूला ठेवले ते आपण. माणसाला जळताना वेदना होत नसेल तर त्याला नमस्कार करू नका. त्याला दवाखान्यात न्या, आणि नेताना त्याच्या शेजारी बसा.