बिनकोपऱ्याचं घर

सोफेवाल्याच्या घरात कोपरा म्हणून सापडायचा नाही. भिंतींना होते ते होते, त्यांना तो तरी काय करणार. पण टेबल, पलंग, कपाट, दारांच्या चौकटी, अगदी मोरीचा कट्टासुद्धा, सगळ्याला त्यानं फोम लावून वर मऊ रेक्झिन ताणून ठोकलं होतं. सगळी हयात सोफे बनवण्यात गेलेला माणूस. मुलीला जन्मापासून दिसत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा बायको रडत बसली आणि यानं कात्री हातात घेतली. ज्याला जे येतं तेच तो करतो.

मुलगी शाळेच्या वयाची झाली तरी तिच्या अंगावर साधा ओरखडा नव्हता. घरभर अशी गरगरत पळायची की तिचं नावच भिंगरी पडलं. आदळली तरी हसायची, कारण आदळणं म्हणजे तिच्या लेखी उशीवर पडणं. कुणी घरी आलं की सोफेवाला मुद्दाम तिला पळायला लावायचा. "बघा," म्हणायचा, "वाटतं का तिला दिसत नाही म्हणून?" तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं त्यानं पोरीला. यात मायेबरोबर थोडा गर्वही होता, पण तो सगळ्यालाच माया म्हणायचा.

भिंगरीची आई लाँड्रीत इस्त्री करायची आणि सुटीच्या दिवशी मुलीला घेऊन अंध मुलांच्या केंद्रात जायची. तिथे आईबापांची बैठक भरायची. कुणाचं मूल काय शिकलं, कुणाचं कुठे अडलं, कुठली वस्तू कुठे मिळते, सगळं तिथे कळायचं. तिथूनच ती ब्रेल शिकली, स्वयंपाकघरातल्या डब्यांवर ठिपक्यांच्या पट्ट्या चिकटवल्या, आत घुंगरू असलेला चेंडू आणला, आणि एकदा मुलीच्या छातीइतक्या उंचीची पांढरी काठी घेऊन आली. "तुम्हीही चला की, बाकीचे बाप येतात," असं ती म्हणाली की सोफेवाल्याला नेमकं एखादं गिऱ्हाईक आठवायचं. खरी गोष्ट अशी की आपली भिंगरी त्या मुलांच्या रांगेत बसलेली त्याला बघायची नव्हती.

काठीच्या टोकाला कडक प्लास्टिकचं बोंड होतं. फरशीवर त्याची टकटक सुरू झाली की सोफेवाला उठून दार लावून घ्यायचा. पोरीला दिसत नाही हे सगळ्या जिन्याला ओरडून सांगतेय ही काठी, असं त्याला वाटायचं. शेवटी त्यानं त्या बोंडावर फोमचा गोळा बसवला आणि वर चामड्याची टोपी शिवली. बायको म्हणाली, "अहो, केंद्रातल्या बाईंना विचारायचं तरी." तो म्हणाला, "यात विचारायचं काय? फरशी खराब होत होती." थोड्याच दिवसांत भिंगरीनं काठी दाराआड टाकून दिली. "ती काही बोलतच नाही," एवढंच म्हणाली. सोफेवाल्याला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

मग ताईच्या घरचं ते झालं. ताई म्हणजे सोफेवाल्याची थोरली बहीण. आई लवकर गेल्यावर तिनंच त्याला वाढवलेलं. ताईनं घर बदललं म्हणून सगळे बघायला गेले. आत्याची हाक ऐकून भिंगरी दारातूनच सुटली, आपल्या घरात सुटायची तशी. मधे सागवानी टेबल होतं. कपाळ फुटलं, रक्त थांबेना, टाके पडले. पोर रडली, पण त्याहून जास्त चक्रावली होती. "आत्याकडे मारणारं काहीतरी आहे," असं ती दवाखान्यात पुन्हा पुन्हा म्हणत होती.

सोफेवाला दवाखान्याच्या व्हरांड्यात ताईवर बरसला. "टेबल बाजूला करायला हात मोडले होते का तुझे? पोरीला दिसत नाही हे तुला नव्यानं सांगायचं?" ताई पदर तोंडाला लावून उभी राहिली आणि शेवटी म्हणाली, "माझंच चुकलं रे." आणि यानं ते तसंच राहू दिलं. घरी येताना त्याला बरं वाटत होतं, हे त्याला नंतर फार दिवस खुपत राहिलं.

जवळच्या शाळेनं भिंगरीला घ्यायचं कबूल केलं होतं, फक्त फाटकापासून वर्गापर्यंत तिला एकटीला यायला हवं होतं. काठीनं चालणं शिकवायला केंद्रातल्या बाई घरी आल्या. बाईंना स्वतःला दिसत नव्हतं. जिना चढून आल्या, हसत म्हणाल्या, "तुमच्या तिसऱ्या पायरीची फरशी हलतेय, कुणीतरी पडेल," आणि काठी फिरवत आत शिरल्या. दोन पावलांवर थांबल्या. काठी इकडे लावली, तिकडे लावली. जिभेनं टक्क आवाज करून, तो सामानावर आपटून परत येतो का म्हणून कान दिला.

"घर रिकामं केलंय का?"

"नाही, भरलेलं आहे," सोफेवाला अभिमानानं म्हणाला. "हात लावून बघा."

बाईंनी हात लावला. "हे काय?"

"टेबल."

"आणि हे?"

"ते कपाट. ती दाराची चौकट."

"दादा, मला तर सगळं एकच लागतंय. माझी काठी कुठे लागली तेसुद्धा कळत नाहीये." मग त्या भिंगरीला म्हणाल्या, "आण गं तुझी काठी." भिंगरीनं दाराआडून ती काढून दिली. बाईंची बोटं काठीवरून उतरत टोकाशी आली आणि तिथेच राहिली. सोफेवाला कौतुकाची वाट बघत होता. टोपीची शिवण त्यानं सोफ्याच्या हातालाही घातली नसती इतकी बारीक घातली होती.

"काम सुरेख आहे," बाई म्हणाल्या. "अशीच सुबक टोपी कुणी तुमच्या डोळ्यांवर शिवली तर?"

बाईंनी भिंगरीच्या कपाळावरून हात फिरवला आणि हे कशानं झालं ते विचारलं. "आमच्या ताईच्या टेबलानं," तो म्हणाला.

"हात पुढे केले नव्हते तिनं?"

"नाही."

"का करेल? घरात कधी करावे लागले तिला?" बाई रागावून बोलल्या नाहीत, तेच वाईट झालं. "केंद्रातल्या प्रत्येक पोराच्या नडगीवर खुणा आहेत, दादा. त्या खुणांनीच त्यांना टेबल म्हणजे काय ते शिकवलंय. हिला तुम्ही काय शिकवलंत? की जग गादीचं असतं."

अति तिथे माती, हे सोफेवाल्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या बाबतीत म्हटलं होतं. बाई गेल्यावर तो त्याच टेबलाशी बसून राहिला. पोरीपेक्षा त्याला ताई आठवत होती, तोंडाला पदर लावून उभी असलेली. टेबल तिनं ठेवलं होतं, पण पोरीला त्याच्यावर नेऊन कुणी आदळवलं हे आता त्याला स्वच्छ कळलं होतं. इतके दिवस त्याचं पाप ताई वाहत होती, आणि तेही काही न विचारता.

सुटीच्या दिवशी सकाळी त्यानं पक्कड घेतली आणि घर सोलायला काढलं. पिना उपटल्या, रेक्झिन फाडलं, फोमचा ढीग पडला. सगळ्यात आधी काठीची टोपी उसवली होती. दुपारी भिंगरी काठी न घेताच पळाली आणि टेबलावर गुडघा आपटून खाली बसली. सोफेवाला धावणार, तेवढ्यात बायकोनं त्याची बाही धरली. पोर रडली, मग रडता रडता टेबल चाचपू लागली, मग हुंदके देत दाराकडे गेली आणि काठी घेऊन आली. टक्क. "आता बोलतेय," ती म्हणाली. सोफेवाला मोरीत जाऊन तोंड धुऊन आला.

चार दिवसांनी तो तिला घेऊन ताईकडे गेला. ताई दारातच म्हणाली, "घाबरू नको रे, मी सगळं केलंय." आत बघतो तर त्या सागवानी टेबलाच्या चारी कोपऱ्यांना जुन्या रजईचे तुकडे गुंडाळून वरून सुतळी बांधलेली. गाठींवर गाठी, कुठे सैल, कुठे आवळलेल्या. टेबलाचे हात मोडून झोळीत घातल्यासारखे दिसत होते. "मला तुझ्यासारखं जमत नाही," ताई ओशाळून म्हणाली. "पण लागणार नाही आता पोरीला."

सोफेवाला खाली बसला आणि गाठी सोडवायला लागला. "अरे, नीट नाही का बांधलं?" ताईनं घाबरून विचारलं.

"नीट बांधलंयस," तो म्हणाला. "चूक तुझी नव्हती, ताई. त्या दिवशीही नव्हती. ती माझी होती, आणि मी ती तुझ्या गळ्यात घातली."

ताई त्याच्याशेजारी बसली आणि दुसऱ्या कोपऱ्याची गाठ नखानं सोडवू लागली.

दारातून टकटक येत होती. काठी कपाटाला लागली, खुर्चीला लागली, टेबलाला लागली आणि थांबली. भिंगरीनं हात पुढे करून कोपरा शोधला, त्यावर अंगठा दाबला, मग कपाळावरच्या व्रणाला लावला.

"हेच का गं ते मारणारं, आत्या?"

"हो, बाळा."

"बाबा, आपल्या घरातलं पण आधीपासून असंच होतं?"

"हो."

"तू झाकलं होतंस?"

"हो."

"मला लागू नये म्हणून?"

हो म्हणून सुटता आलं असतं. ताईही त्याच्याकडे बघत होती, हो म्हण अशाच नजरेनं.

"तेही," सोफेवाला म्हणाला. "पण तुला लागलेलं मला बघवत नव्हतं, म्हणून जास्त."

भिंगरीनं कोपऱ्यावरून पुन्हा एकदा बोट फिरवलं.

"मग तू डोळे मिटायचे ना," ती म्हणाली, आणि काठी टेकत खिडकी कुठे आहे ते शोधायला गेली.